चिनी भाषेत तारीख, वार आणि वेळ सांगताना मराठी माणूस कुठे अडतो?

दीपमाळ

एक ते दहा आकडे आले की चिनी तारीख आलीच, असं शिकवणारे सांगतात. महिन्यांना नावं नाहीत, वारांना नावं नाहीत, सगळे आकडेच. ते बरोबर आहे. तरीही मराठी बोलणाऱ्यांच्या काही चुका ठरलेल्या असतात आणि त्या बहुतेक आपल्या 'परवा', 'पुढचा', 'पावणे', 'रात्री दोन' या सवयींतून येतात. हा धागा त्यांच्यासाठी. जाणकारांनी भर घालावी.

आधी उच्चार. पिनयिनमध्ये (चिनी उच्चार रोमन लिपीत लिहायची पद्धत) बी, डी, जी ही रोमन अक्षरं दिसली की आपण ब, ड, ग वाचतो. प्रत्यक्षात ते प, त, क आहेत. आणि पी, टी, के म्हणजे फ, थ, ख. अल्पप्राण-महाप्राण हा फरक आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेला आहे, तो वापरा. 'वाजले' यासाठीचा शब्द त्येन आणि 'दिवस' म्हणजे थ्येन. रोमन अक्षरांवर विसंबलात तर पहिल्याचा 'डियान' होतो. काल म्हणजे च्वोथ्येन, त्यातला च 'चोर'मधला. चार (स) आणि दहा (ष) यांत 'अ' नाही, जीभ स किंवा ष च्या जागी ठेवून नुसता आवाज लांबवायचा.

सूर चार: १ वर सपाट, २ चढता, ३ खाली दबलेला, ४ झटक्यात उतरता. जिथे सुरानेच अर्थ बदलतो तिथे कंसात आकडा देते.

आकडे: यी, अर्, सान, स, वू, ल्यौ, छी, पा, च्यौ, ष. शून्य लिंग.

क्रम मोठ्याकडून लहानाकडे: वर्ष, महिना, तारीख, वार, दिवसाचा प्रहर, तास, मिनिट. चीनच्या लोक प्रजासत्ताकाची घोषणा १ ऑक्टोबर १९४९ रोजी, शनिवारी, दुपारी तीनला झाली. ते असं: यी च्यौ स च्यौ न्येन, ष य्वे यी ऱ, शिंगछी ल्यौ, श्यावू सान त्येन. न्येन वर्ष, य्वे महिना, ऱ तारीख, शिंगछी वार, श्यावू दुपारनंतर. मधला एखादा टप्पा गाळता येतो, क्रम मात्र उलटवता येत नाही. 'तीन वाजता, शनिवारी, एक ऑक्टोबरला' हे मराठीत चालतं, चिनीत ऐकणारा गोंधळतो.

तारखेला लिहिताना ऱ, बोलताना हाव. 'आज १५ तारीख' हे बोलण्यात चिनथ्येन षवू हाव. बोलताना ऱ म्हटलं तर बातमीपत्र वाचल्यासारखं वाटतं.

पाऊलखुणा

वर्ष सुटे आकडे करूनच का वाचायचं? 'एकोणीसशे एकोणपन्नास' असं जोडून चालत नाही का?

दीपमाळ

नाही. २००८ म्हणजे अर् लिंग लिंग पा न्येन. अपवाद २००० चा. ते अर् लिंग लिंग लिंग न्येन असंही म्हणतात आणि ल्यांग छ्येन न्येन असंही. दुसऱ्याचा अर्थ 'दोन हजार वर्षं' असाही होतो, संदर्भाने कळतं.

टेलिफोन नंबर, खोली नंबर सांगताना एकाला यी ऐवजी 'याव' म्हणतात, म्हणजे सातशी (छी) घोटाळा होत नाही. ही सवय वर्षात आणू नका. वर्षात आणि तारखेत एक हा यीच राहतो. ऐतिहासिक दिवसांची नावंही तशीच: १९१९ च्या ४ मेची चळवळ ती 'वू स', १९३१ च्या १८ सप्टेंबरची मुकदन घटना ती 'च्यौ यी पा'. महिना आधी, तारीख नंतर, मध्ये काही नाही. १ ऑक्टोबरच्या सुट्टीला नुसतं 'ष यी' म्हणतात. ऐकणाऱ्या नवख्याला तो अकरा हा आकडा वाटतो.

तिठा

आता 'क' बद्दल. हे एक अक्षर समजलं की निम्म्या चुका जातात.

सान य्वे म्हणजे मार्च. सान क य्वे म्हणजे तीन महिने. शिंगछी सान म्हणजे बुधवार. सान क शिंगछी म्हणजे तीन आठवडे. सान त्येन म्हणजे तीन वाजता, सान क श्यावष म्हणजे तीन तास.

'क' हा मोजणीचा शब्द, आपल्या 'तीन नग'मधल्या नगासारखा. महिना आणि आठवडा मोजायचा तर तो लागतोच. तासाला (श्यावष) लावा वा गाळा. वर्ष (न्येन), दिवस (थ्येन) आणि मिनिट (फन) यांना लावायचाच नाही, कारण ते स्वतःच मोजणीचे शब्द आहेत: सान न्येन, सान थ्येन, सान फन चुंग. 'सान क न्येन' किंवा 'सान क थ्येन' हमखास ऐकू येतं आणि ते चूक आहे.

दुसरा घोळ दोनचा. क्रमाचा दोन अर्, मोजणीचा दोन ल्यांग. म्हणून फेब्रुवारी अर् य्वे, दोन तारीख अर् हाव, मंगळवार शिंगछी अर्. पण दोन महिने ल्यांग क य्वे, दोन दिवस ल्यांग थ्येन, दोन वर्षं ल्यांग न्येन. घड्याळाचे दोन वाजले हा क्रम वाटतो, तरी तिथे ल्यांग त्येन. बारा वाजता मात्र षअर् त्येन, बावीस वाजता अर्षअर् त्येन. जोड संख्येच्या शेवटी ल्यांग येत नाही. दोन वाजून दोन मिनिटं: ल्यांग त्येन लिंग अर् फन. एकाच वाक्यात दोन्ही दोन.

रानमोगरा

तिठा यांच्या यादीला सुरांची जोड हवी. यी चा मूळ सूर १. तारखेत आणि महिन्यात तो तसाच राहतो: यी य्वे, यी हाव, शिंगछी यी. मोजताना बदलतो. एक महिना (यी क य्वे) यात २, एक वर्ष (यी न्येन) आणि एक दिवस (यी थ्येन) यांत ४. पाव तास, यी ख, यातही २. जानेवारी आणि 'एक महिना' यांत फरक फक्त 'क' चा नाही, यी चा सूरही वेगळा ऐकू येतो.

शिवाय दोन तिसरे सूर लागोपाठ आले की पहिला दुसऱ्यासारखा होतो. त्येन हा ३, आणि ल्यांग, वू, च्यौ हेही ३. म्हणजे दोन, पाच आणि नऊ वाजता या तीन वेळी आकडा चढत्या सुरात म्हणायचा. बाकीच्या तासांना हा त्रास नाही.

चार वाजता की दहा वाजता? दक्षिण चीनमध्ये आणि तैवानमध्ये बरेच जण स आणि ष सारखेच म्हणतात. तिथे उरतो तो फक्त सूर: चार ४, दहा २. शंका आली तर प्रहर जोडून परत विचारा, 'श्यावू स त्येन?', नाहीतर बोटं दाखवा. दोन तर्जनींची फुली म्हणजे दहा, हे चीनमध्ये सगळ्यांना कळतं.

सांजसकाळ

घड्याळ.

सव्वातीन: सान त्येन यी ख.
साडेतीन: सान त्येन पान.
पावणेचार: सान त्येन सान ख (तीन वाजून तीन पाव), किंवा छा यी ख स त्येन (चारला पाव कमी).
तीन वाजून पाच: सान त्येन लिंग वू फन. दहाच्या आतल्या मिनिटांना लिंग लावतात.
चारला पाच कमी: छा वू फन स त्येन.

दोन पाव, म्हणजे 'अर् ख' किंवा 'ल्यांग ख', कोणी म्हणत नाही, तिथे पान. गाड्यांच्या वेळापत्रकात २४ तासांचं घड्याळ असतं आणि तासाला त्येन ऐवजी ष (२) लिहिलेलं असतं. वाचताना लोक त्येनच म्हणतात.

'पावणे' आपल्याला पुढच्या तासाकडे नेतं, चिनी माणूस बहुधा मागच्या तासातच राहतो. पावणेचार म्हणायचं असताना तोंडून 'स त्येन सान ख' निघतं, ते पावणेपाच झालं. एका तासाची चूक आणि समोरच्याला शंकाही येत नाही. त्यापेक्षा सुरुवातीला सान त्येन सषवू, म्हणजे तीन पंचेचाळीस, असं सरळ सांगायची सवय लावा (इथे 'स षवू' नीट तोडून म्हणा: स-ष-वू, पंचेचाळीस).

दीड आणि अडीच यांची गंमत वेगळी. मराठीत दीड वाजता आणि दीड तास यांत 'दीड' एकच. चिनीत दीड वाजता: यी त्येन पान. दीड तास: यी क पान श्यावष. अर्धा तास: पान क श्यावष. पान कुठे बसतो ते बघा. अर्धाच असेल तर 'क'च्या आधी, पूर्णाच्या वर अर्धा असेल तर 'क'च्या नंतर. तसंच महिन्याचं: पान क य्वे म्हणजे पंधरवडा, यी क पान य्वे म्हणजे दीड महिना. आणि जिथे 'क' नाही तिथे पान सगळ्यात शेवटी: अडीच वर्षं ल्यांग न्येन पान, अडीच दिवस ल्यांग थ्येन पान.

पाऊलखुणा

'परवा' ला काय म्हणायचं?

दीपमाळ

कोणता परवा? आपल्याकडे गेलेला आणि येणारा एकच, क्रियापदावरून कळतं. चिनीत दोन शब्द आहेत. गेलेला परवा छ्येनथ्येन, येणारा परवा हौथ्येन. तेरवा हवा असेल तर पुढे 'ता' (मोठा) लावा: ता छ्येनथ्येन, ता हौथ्येन. वर्षांचंही तसंच, छ्येनन्येन म्हणजे दोन वर्षांमागचं, हौन्येन म्हणजे दोन वर्षांनंतरचं.

इथे खरी अडचण शब्दार्थाची आहे. छ्येन म्हणजे पुढचा, समोरचा. हौ म्हणजे मागचा, पाठीमागचा. म्हणजे चिनीत झालेला काळ समोर आहे आणि येणारा पाठीमागे. मराठीत नेमकं उलट: मागचा आठवडा झालेला, पुढचा आठवडा येणारा. मनात 'पुढचा' म्हणून छ्येन शोधलात की भेट चार दिवस आधी होऊन गेलेली असते. म्हणून छ्येन-हौ चं मराठी भाषांतर 'पुढे-मागे' असं पाठ करू नका. काळाच्या बाबतीत 'आधी' आणि 'नंतर' असं करा. सान थ्येन छ्येन म्हणजे तीन दिवसांपूर्वी, सान थ्येन हौ म्हणजे तीन दिवसांनी. हाच छ्येन आकड्याच्या आधी आला, छ्येन सान थ्येन, तर 'पहिले तीन दिवस'.

आठवडा आणि महिना यांना मात्र छ्येन-हौ नाही, वर-खाली आहे. षांग क य्वे (वरचा) म्हणजे गेला महिना, श्या क य्वे (खालचा) येता महिना. भिंतीवरचं कॅलेंडर वरून खाली वाचा, लक्षात राहतं. गेलं वर्ष छ्युन्येन, येतं वर्ष मिंगन्येन, त्यांना षांग-श्या लावत नाहीत.

तिठा

वारांसाठी तीन शब्द आहेत: शिंगछी, लीपाय, चौ. चौ आटोपशीर, लिहिण्यात आणि कार्यालयात. लीपाय घरगुती बोलण्यात. लीपाय म्हणजे उपासना, ख्रिस्ती उपासनेच्या वारावरून आलेला. रविवार हा सातवा असूनही 'शिंगछी छी' नाही. तो शिंगछी थ्येन (बोलताना) किंवा शिंगछी ऱ (लिहिताना). सोमवार पहिला, म्हणून गुरुवार चौथा, शिंगछी स. आपल्या ग्रहांच्या नावांवरून मोजणी करणारे रविवारला एक धरतात आणि प्रत्येक वार एकाने चुकतो.

याच कारणाने रविवारी बोलताना जपा. चिनी आठवडा सोमवारी सुरू होतो आणि रविवार हा त्याचा शेवट. रविवारी 'या आठवड्यात बुधवारी' असं चिनीत म्हटलं तर तो बुधवार होऊन गेलेला आहे. येणारा हवा असेल तर श्या चौ सान. आणि सोमवारी 'श्या चौ सान' म्हटलं तर परवाचा बुधवार नाही, त्याच्या पुढच्या आठवड्यातला. पक्कं करायचं तर वाराबरोबर तारीख द्या.

रानमोगरा

रात्रीचे दोन. आपण 'शनिवारी रात्री दोन वाजता' म्हणतो तेव्हा कॅलेंडरने रविवार लागलेला असतो. चिनीत मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंतच्या वेळेला वेगळा शब्द आहे, लिंगछन, आणि तो नव्या तारखेचा. शनिवारी रात्रीचे दोन म्हणजे शिंगछी थ्येन लिंगछन ल्यांग त्येन. 'वानषांग ल्यांग त्येन' (रात्री दोन) असा प्रयोग टाळा. विमानाच्या तिकिटात हा फरक चोवीस तासांचा पडतो. साडेबारा मध्यरात्रीचे असतील तर लिंगछन लिंग त्येन पान.

बाकी प्रहर: सकाळ चावषांग, दुपारपूर्वी षांगवू, भर दुपार चुंगवू, दुपारनंतर श्यावू, तिन्हीसांज पांगवान, रात्र वानषांग. मराठीत संध्याकाळी सहा, रात्री आठ. चिनीत दोन्ही वानषांग चालतं. पाच वाजता मात्र श्यावू, आपली 'संध्याकाळी पाच' ही सवय सोडायची. प्रहर नेहमी आकड्याच्या आधी. षांगवू च्यौ त्येन हे बरोबर. 'च्यौ त्येन षांगवू' म्हटलं की इंग्रजीतल्या ए.एम.ची नक्कल झाली.

सांजसकाळ

वाक्यात वेळ कुठे ठेवायची हेही इथेच लिहिते.

'वाजता', 'ला', 'रोजी' यांना प्रतिशब्द नाही, शोधू नका. कर्त्याच्या आगेमागे पण क्रियापदाच्या आधी वेळ ठेवली की झालं: वो सान त्येन छ्यु, मी तीनला जातो. मराठीचाच क्रम. 'आज बुधवार' यातही आपल्यासारखंच क्रियापद नाही: चिनथ्येन शिंगछी सान. नकार आला की 'पू ष' (नाही) घालावंच लागतं.

चूक होते ती कालावधीत. मराठीत 'मी तीन महिने शिकलो' यात तीन महिने क्रियापदाच्या आधी. चिनीत कालावधी क्रियापदानंतर: वो श्युए ल सान क य्वे. 'वो सान क य्वे श्युए ल' हे मराठी वाक्य चिनी शब्दांत. शेवटी आणखी एक ल जोडला, वो श्युए ल सान क य्वे ल, की अर्थ 'तीन महिने झाले शिकतोय', अजून चालू आहे. आणि नकार असेल तर कालावधी पुन्हा आधी येतो: वो सान थ्येन मेय लाय, तीन दिवस आलो नाही. नकारात मराठीचा क्रम बरोबर ठरतो.

प्रश्न विचारताना 'ची' (किती) सांभाळा. ची त्येन किती वाजता, ची हाव कितवी तारीख, शिंगछी ची कोणता वार. पण ची न्येन म्हणजे 'किती वर्षं'. कोणतं वर्ष हे विचारायचं तर ना यी न्येन.

पाऊलखुणा

छापील तारखांचं काय? पाकिटावर ५/६ असेल तर?

तिठा

चीनमध्ये ६ मे. महिना आधी. आपण ५ जून वाचतो. बारापर्यंतचे आकडे असले की चूक पकडताच येत नाही, म्हणून स्वतः लिहिताना वर्षापासून सुरू करा आणि न्येन, य्वे, ऱ ही तीन अक्षरं घाला. फॉर्म भरायला तेवढी तीन चित्राक्षरं आधी गिरवून घ्या.

खाद्यपदार्थाच्या पाकिटावर आठ आकडे सलग असतील तर ती बहुतेक वेळा तयार केल्याची तारीख (षंगछान ऱछी) असते, शेवटची नव्हे. शेजारी पावचछी, म्हणजे टिकण्याची मुदत, दिलेली असते, उदाहरणार्थ १२ क य्वे. बेरीज आपण करायची. जुनी तारीख बघून चांगला माल टाकून देण्याआधी हे दोन शब्द शोधा.

तैवानची पाकिटं, बिलं आणि सरकारी कागद वेगळे. तिथे मिनक्वो सन चालतो, १९१२ हे पहिलं वर्ष. त्यात १९११ मिळवा: ११३ म्हणजे २०२४. शकात ७८ मिळवायची आपल्याला सवय आहे, तसंच. तैवानमध्ये शिंगछी मधल्या छी चा सूर २, चीनमध्ये १.

दीपमाळ

पंचांगाबद्दल थोडं, कारण इथे मराठी वाचकाला ओळखीचं पुष्कळ आहे. सणवार आणि वडीलधाऱ्यांचे वाढदिवस अजूनही चांद्र महिन्यांनी धरतात, त्याला नुंगली म्हणतात. पहिला महिना 'यी य्वे' नाही, चंगय्वे (सूर १). अकरावा तुंगय्वे, बारावा लाय्वे. पहिल्या दहा तिथींना आधी 'छू' लागतो: छूयी, छूअर्, छूष पर्यंत. इथे दोन हा अर्च. एकविसापासून पुढे वीसला 'न्येन' (४) म्हणण्याचीही रीत आहे. वर्षाचा न्येन (२) वेगळा. 'हाव' हा शब्द नुंगलीला लावायचा नाही. 'पा य्वे षवू' म्हटलं की कळतं, ही मध्य-शरदाची पौर्णिमा आहे, १५ ऑगस्ट नव्हे.

आपला अमान्त महिना अमावास्येला संपतो. चिनी महिना ज्या दिवशी अमावास्या घडते त्याच दिवशी सुरू होतो, म्हणून छूयी आपल्या प्रतिपदेच्या एखादा दिवस आधी पडू शकते. अधिक महिना त्यांच्याकडेही आहे, त्याला रुन य्वे म्हणतात, आणि नियमही सारखा: आपल्याकडे ज्या महिन्यात संक्रांत नाही तो अधिक, त्यांच्याकडे ज्यात 'चुंगछी' हा सौरबिंदू नाही तो. आपलं गणित निरयन, त्यांचं सायन, म्हणून महिने जुळत नाहीत. २०२३ मध्ये आपला अधिक श्रावण, त्यांचा अधिक दुसरा. २०२० मध्ये आपला अधिक आश्विन, त्यांचा अधिक चौथा. त्यानंतरचा त्यांचा २०२५ मध्ये सहावा, आपला २०२६ मध्ये ज्येष्ठ. बोलताना मूळ महिन्याच्या आधी रुन लावायचा: रुन ल्यौ य्वे.

रानमोगरा

ऑनलाइन बैठकी ठरवणाऱ्यांसाठी. अख्ख्या चीनची अधिकृत वेळ एकच, पेय्चिंग षच्येन (बीजिंगची वेळ), आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. मुंबईत सकाळचे दहा, तिकडे चुंगवू षअर् त्येन पान. आपले संध्याकाळचे साडेसहा, तिकडे वानषांग च्यौ त्येन. शिनच्यांगमध्ये दोन तास मागचं स्थानिक घड्याळही वापरात आहे, तिथल्या माणसाशी ठरवताना वेळेच्या आधी 'पेय्चिंग षच्येन' हे शब्द म्हणा.

निरोपात आधी त्यांची वेळ, मग आपली: पेय्चिंग षच्येन श्यावू ल्यांग त्येन, यिन्तू षच्येन षांगवू षयी त्येन पान. दुपारचे दोन तिकडचे, साडेअकरा इकडचे. ल्यांग चढता म्हणायचा, आणि साडेअकराला षांगवू.